पहिली हाफ मॅरेथॉन: दम आधी तयार होतो, हाडं नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, दिवसभर बसून काम, चालायची सवय आहे पण शाळा सुटल्यापासून पळणं नाही. मित्राने १६ आठवड्यांनंतरच्या हाफ मॅरेथॉनमध्ये नाव घातलंय आणि 'तूही घाल' म्हणून मागे लागलाय. दोनदा पळून पाहिलं. तीन मिनिटांत धाप लागली, दुसऱ्या दिवशी नडग्या दुखल्या. घरचे म्हणतात, गुडघे घालवशील. तर नाव घालावं का, आणि तयारी कशी करावी?

माझं उत्तर: हाफ जरूर करा, पण ही नको. त्या दिवशी १० किमीला उभे राहा आणि २१ किमीसाठी आजपासून सहा महिने द्या. आज जो माणूस ५ किमी न थांबता आरामात पळतो, त्याला १४ ते १६ आठवडे पुरतात. तुम्ही तिथे नाही. १६ आठवड्यांत तुम्ही शेवटची रेषा ओलांडालही, पण वाटेत कुठलं तरी दुखणं पदरात पडण्याची शक्यता मोठी आहे, आणि बरीच मंडळी तिथेच पळणं कायमचं सोडतात.

सहा महिने का, हे नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पळायला लागल्यावर शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने सुधारत नाहीत. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींची ऊर्जा बनवण्याची क्षमता वाढते. म्हणजे दीड-दोन महिन्यांत दम लागणं कमी होतं आणि माणसाला वाटतं, जमलं! हाडांचं मात्र तसं नसतं. हाडावर नवा भार आला की शरीर आधी तिथलं जुनं हाड थोडं काढून टाकतं आणि मग त्या जागी नवं भरतं. हे एक चक्र पुरं व्हायला तीन ते चार महिने लागतात, आणि मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा किंचित कमकुवत असते. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा त्याहून आळशी. त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे बदल महिन्यांच्या हिशेबाने होतात.

आता हे दोन्ही एकत्र ठेवून पाहा. सहाव्या ते दहाव्या आठवड्यात फुप्फुसं आणि हृदय म्हणतात 'अजून पळ', आणि नेमकी त्याच वेळी नडगीची आणि तळपायाची हाडं सर्वांत नाजूक असतात. प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर परत येतो. सावकाश पळणारा माणूस एका किलोमीटरला साधारण १,२०० ते १,३०० पावलं टाकतो. आठवड्याला दहा किलोमीटर वाढवले म्हणजे किती हजार धक्के वाढले, ते तुम्हीच मोजा. माझ्याकडे येणाऱ्या नवशिक्यांतले फारच थोडे पहिल्या आठवड्यात दुखावतात. बहुतेक जण दुखावतात ते पळण्यात मजा यायला लागल्यावर. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मी लोकांना सगळ्यांत जास्त आवरतो, आणि त्याच काळात ते माझ्यावर सगळ्यांत जास्त वैतागतात.

सुरू करण्याआधी एक गोष्ट. चालताना किंवा जिने चढताना छातीत दुखत असेल, कधी श्रमात चक्कर आली असेल किंवा शुद्ध हरपली असेल, मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा आजार असेल, किंवा जवळच्या नात्यात कोणाचा कमी वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. चाचणी कोणती करायची ते त्यांना ठरवू द्या.

आता तुमची धाप. तीन मिनिटांत दम लागला याचा अर्थ फुप्फुसं कच्ची आहेत असा नाही. तुम्ही फार जोरात पळालात, एवढंच. मोठ्या माणसाला पळणं म्हटलं की शाळेतली शर्यत आठवते आणि पाय आपोआप त्या वेगाला जातात. तुमचा आत्ताचा योग्य वेग इतका कमी आहे की सुरुवातीला लाज वाटेल. एखादा झपझप चालणारा तुम्हाला मागे टाकून जाईल. जाऊ द्या. कसोटी एकच: पळताना पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर वेग कमी करा, तरीही तुटत असेल तर चाला. घड्याळातल्या हृदयगतीच्या रंगीत पट्ट्यांवर सुरुवातीला फार विसंबू नका. कमाल हृदयगती काढायचं '२२० वजा वय' हे सूत्र सरासरी सांगतं. एखाद्या माणसाच्या बाबतीत त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज निघतो, आणि मनगटावरचा सेन्सरही पळताना अधूनमधून चुकतो. बोलण्याची कसोटी फुकट आहे आणि जास्त खरी आहे.

सावकाश पळून काय मिळणार, असं वाटत असेल तर न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आठवा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी हा गडी आठवड्याला शंभरावर किलोमीटर लांब पल्ले पळत असे. त्याची बरोबरी आपल्याला करायची नाही. मुद्दा इतकाच की लांब अंतराचा पाया सावकाश किलोमीटरनी घातला जातो, आणि हे आता जगभर मान्य आहे.

चालण्याबद्दलही मनात खोट ठेवू नका. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून १०,००० मीटर पळालेल्या जेफ गॅलोवे यांनी पुढे पळणं आणि चालणं आलटून पालटून करण्याची पद्धत लोकप्रिय केली, आणि असंख्य लोकांनी त्या पद्धतीने मॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत. पहिले आठ आठवडे तुम्हीही तेच करायचं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. दहा मिनिटं झपझप चालून अंग गरम करा. मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. दोन आठवड्यांनी दोन मिनिटं पळणं, दोन चालणं. मग तीनला एक, पाचला एक, आठला एक. आठव्या-नवव्या आठवड्यात ३० मिनिटं सलग पळता येईल. किती किलोमीटर झाले ते या टप्प्यात बघूच नका, मिनिटं बघा. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. वेळापत्रक तुमच्यासाठी आहे. उरलेल्या दिवशी चालणं, सायकल, पोहणं, काहीही चालेल. हृदयाला व्यायाम मिळतो आणि हाडांवर धक्के पडत नाहीत.

त्यानंतरचे सहा आठवडे ३० मिनिटांवरून ८–९ किमीच्या लांब पळण्यापर्यंत यायचं. आठवड्यात तीन वेळा पळणं तसंच, त्यातलं एक लांब, दोन छोटी. शरीर कुरकुरत नसेल तर चौथा दिवस जोडा, तोही २०–३० मिनिटांचा. तुमची १० किमीची स्पर्धा सोळाव्या आठवड्यात, या टप्प्याच्या लगेच नंतर येते. ती जोर लावून नाही, लांब पळण्याचा दिवस म्हणून पळायची. शेवटचे अकरा आठवडे हाफचे. त्यांत लांब पळणं साधारण असं वाढतं: ९, १०, ११, मग उतरून ९, १२, १३, १५, मग उतरून ११, शेवटी १६–१७. त्यानंतर दोन आठवडे हलके आणि मग स्पर्धा. सगळ्याची बेरीज केलीत तर सहा महिन्यांपेक्षा थोडी जास्त भरते. भरू द्या, वर एखाद-दुसरा आठवडा सर्दी-पडसं आणि पाहुणेही खातातच. प्रत्येक चौथा आठवडा हलका ठेवण्याचं कारण वर आलंच: हाडांना भरून यायला वेळ हवा. २१ किमी आधी पळून बघायची गरज नाही. सतरा पळणारा माणूस स्पर्धेच्या दिवशी २१ पळतो.

तुम्ही '१० टक्के नियम' ऐकला असेल: एका आठवड्यात एकूण अंतर १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये. नेदरलँड्समध्ये नव्याने पळू लागलेल्या पाचशेहून अधिक लोकांवर याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. हा नियम पाळणारे आणि नेहमीच्या, अधिक झपाट्याच्या कार्यक्रमाने वाढवणारे, दोन्ही गटांत जवळपास पाचातला एक जण दुखावला. फरक पडला नाही. अलीकडे, २०२५ मध्ये, पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात वेगळीच गोष्ट पुढे आली: धोका आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशीच्या उडीत जास्त दिसला. गेल्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब पळण्यापेक्षा एखाद्या दिवशी १० टक्क्यांहून बरंच जास्त पळालात की दुखापतीची शक्यता वाढते. मला स्वतःला हे पटतं. 'गटाबरोबर पळायला गेलो, सगळे १४ करत होते म्हणून मीही केले, आधी माझे ८ होते': लोकांच्या दुखण्याच्या कहाण्या बहुतेक अशाच सुरू होतात. म्हणून लांब पळणं एका वेळी एक-दोन किलोमीटरनेच वाढवा, आणि सर्दी-ताप, प्रवास यांनी दोन-तीन आठवडे बुडाले तर राहिलेलं भरून काढायला जाऊ नका. जिथे शरीर आहे तिथून सुरू करा. ताप असताना तर अजिबात पळू नये. विषाणूचा संसर्ग हृदयाच्या स्नायूपर्यंत गेलेला असेल तर श्रम धोक्याचे ठरतात.

वेगाचं काम हवंच असेल तर चौथ्या महिन्यानंतर, आठवड्यात एकदा. एखाद्या छोट्या पळण्याच्या शेवटी वीस-वीस सेकंदांच्या चार-सहा जोरकस धावा, मध्ये पूर्ण विश्रांती. किंवा मधली वीस मिनिटं जरा दमदार, तीन-चार शब्द बोलता येतील इतक्या वेगाने. पहिल्या हाफसाठी एवढं पुष्कळ आहे.

नडग्या का दुखल्या, तर अचानक आणि जोरात पळालात म्हणून. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात पसरलेलं, पळायला लागताना जास्त आणि अंग गरम झाल्यावर कमी होणारं दुखणं भार कमी केला की बहुधा जातं. पण एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं त्या क्षणी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. ते हाडाला बारीक चीर पडल्याचं लक्षण असू शकतं, आणि चीर घेऊन पळत राहणाऱ्याचं हाड मोडूही शकतं. सकाळी अंथरुणातून उतरताना पहिल्याच पावलाला टाचेखाली कळ येत असेल तर तळपायाच्या पडद्याचा त्रास समजा. गुडघ्याच्या वाटीभोवती, विशेषतः उतरताना दुखणं, हे नवशिक्यांचं दुसरं नेहमीचं. या दोन्हींना पूर्ण विश्रांतीपेक्षा भार कमी करणं आणि स्नायू बळकट करणं जास्त मानवतं. साधा नियम: दुखणं किरकोळ आहे, पळताना वाढत नाही आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेलेलं असतं, तर चालू ठेवा. चाल बदलायला लागली, लंगडायला झालं, की बंद. आणि वेदनाशामक गोळी घेऊन पळायचं नाही, विशेषतः आयबुप्रोफेनसारखी. ती दुखणं झाकते, आणि लांब पळताना, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, मूत्रपिंडावर ताण आणते.

गुडघ्यांबद्दल घरच्यांना सांगा की हौशी पळणाऱ्यांच्या बाबतीत पुरावा उलट दिशेने आहे. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा गुडघा आणि खुब्याची झीज हौशी धावपटूंमध्ये सुमारे साडेतीन टक्के आणि बैठ्या लोकांमध्ये सुमारे दहा टक्के निघाली. यावरून पळण्यामुळेच गुडघे वाचतात असं म्हणता येणार नाही. ज्यांचे सांधे मुळात ठीक आहेत तेच पळत राहतात, वजनही त्यांचं कमी असतं. पण 'पळशील तर गुडघे जातील' हे म्हणणं टिकत नाही. जुनी दुखापत किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा.

सगळे जण जे टाळतात ते आता. आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटं ताकदीचा व्यायाम करा. पळताना पोटरीच्या आतल्या खोल स्नायूवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो, आणि लोक मात्र फक्त मांड्यांचा विचार करतात. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करा, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून. हळूहळू एका पायावर पंधरा-वीसपर्यंत जा. सोबत बैठका, एका पायावर उठणं-बसणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग सरळ धरणं). बस. पळण्याआधी ताणून धरण्याच्या व्यायामांनी दुखापत टळते असं दिसलेलं नाही. त्याऐवजी पाच मिनिटं चाला आणि पाय झुलवा, गुडघे उचला. पावलांबद्दल एकच सूचना: लांब ढांगा टाकू नका. मिनिटाला १८० पावलं हा आकडा अव्वल धावपटूंना पाहून आलेला आहे, तो तुमच्यावर लादण्याचं कारण नाही. पण आहे त्यापेक्षा पाच-दहा टक्के जास्त, छोटी पावलं टाकली की गुडघ्यावरचा भार कमी होतो.

बुटांवर लोक तासन्‌तास बोलतात, मी चार वाक्यांत संपवतो. पायात घालून चार पावलं पळल्यावर जो आरामदायी वाटतो तो घ्या. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. साधारण ५०० ते ८०० किमीनंतर बदला, आणि स्पर्धेच्या दिवशी नवे कधीच नाहीत. मोजे सुती नकोत. काखेत, मांड्यांमध्ये आणि पुरुषांनी स्तनाग्रांवर व्हॅसलीन लावा. पंधरा किलोमीटरनंतर का ते कळेल.

खाण्यापिण्याचा हिशेब सोपा आहे. पळायला दर किलोमीटरला दर किलो वजनामागे अंदाजे एक कॅलरी लागते. ७० किलोच्या माणसाला हाफसाठी साधारण १,५००. नीट जेवलेल्या माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, १,६०० ते २,००० कॅलऱ्यांची असते. म्हणजे पूर्ण मॅरेथॉनमध्ये टाकी रिकामी होण्याचा जो प्रसंग येतो तो हाफमध्ये सहसा येत नाही. तरी दोन-अडीच तास पळणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली तर शेवटचे पाच किलोमीटर बरे जातात. पळताना खायचं साखरेचं घट्ट जेल असो वा आणखी काही, लांब पळण्याच्या दिवशी आधी वापरून बघा, कारण पळताना पोट काय करेल ते तिथेच समजतं. एक इशारा: आठवड्याचं अंतर वाढतंय आणि वजन उतरवण्यासाठी खाणंही तोडलंय, असं करू नका. हाडं तिथेच मार खातात. स्त्रियांची पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर ते खाणं कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. दुर्लक्ष न करता डॉक्टरांना दाखवा. थकवा जाईनासा झाला तर लोह तपासून घ्या.

पाणी तहान लागेल तसं प्या, स्पर्धेत पाण्याच्या प्रत्येक टेबलवर थांबून दोन-दोन पेले नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या रेषेवर तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम असावं त्यापेक्षा कमी निघालं, त्यातल्या तिघांचं तर धोकादायक म्हणावं इतकं. धावताना वजन वाढलेल्यांत, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यायलेल्यांत, आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांत ते जास्त होतं. सावकाश पळणाऱ्याला प्यायला वेळ भरपूर असतो, धोका त्यालाच. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेग विसरा. कोणी उन्हात पळताना असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर त्याला थांबवा, मदत बोलवा आणि लगेच थंड पाण्याने अंग गार करायला लागा.

शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणा, पण पळणं बंद करू नका. या काळात हटकून नवीनच काहीतरी दुखल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा ती मनाची चुळबुळ असते. वेळेचा अंदाज हवा असेल तर १० किमीच्या वेळेला २.२ ने गुणा: ७० मिनिटांवाल्याला २ तास ३४ मिनिटं. हे पीटर रीगेल यांच्या सूत्रातून येतं आणि नवशिक्यांना ते जरा आशावादी पडतं, तेव्हा दहा मिनिटं वर धरा. अंदाज माफक ठेवा आणि आयोजकांची कमाल वेळमर्यादा नाव घालण्याआधी वाचा.

स्पर्धेच्या सकाळी दोन-अडीच तास आधी सवयीचं, हलकं खा. मागच्या बाजूला उभे राहा. बिबवरची, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरावरची, चिप तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासून वेळ मोजते. पहिले पाच किलोमीटर इतके सावकाश की लोक भराभर पुढे जाताना चीड येईल. बारा-तेरापर्यंत तोच वेग धरा. तुमची स्पर्धा पंधराव्या किलोमीटरला सुरू होते, तिथे पाय शिल्लक असतील तर वाढवा. चालावंसं वाटलं तर पाण्याच्या टेबलवर मिनिटभर चाला आणि पुन्हा सुरू करा. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबायचं, किती किलोमीटर राहिले ते न पाहता.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिने उतरताना मांड्या बोंबलतील, ते ठीक आहे. पहिला आठवडा फक्त चालणं, दुसऱ्यात दोन-तीन छोटी सावकाश पळणी. आठवड्यानंतरही एखादी एकच जागा दुखत राहिली तर दाखवून घ्या, आणि ती बरी होईपर्यंत मित्राने पुढच्या स्पर्धेचा फॉर्म पाठवला तरी उघडू नका.